दादांची शेगडी

मुलांनो, सीख कबाब तुमच्यापैकी बहुतेकांनी खाल्ले असतील. गाडीजवळ उभे राहून गरम कबाब खाताना आपले लक्ष कोठे असते? कबाबाकडे असते, नाहीतर पंख्याने वारा घालणाऱ्या माणसाकडे असते. ज्या लोखंडी शेगडीवर ते कबाब भाजले जातात, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. रात्री सारी गिऱ्हाइके घरी गेल्यावर त्या शेगडीचे काय होते, हे तर कोणालाच ठाऊक नसते. मला ते ठाऊक आहे. कारण माझे लहानपण अशाच एका शेगडीच्या शेजारी गेले.

आधी दोन शब्दांचा खुलासा करतो. मराठीत 'दादा' म्हणजे मोठा भाऊ. आमच्या घरी, आणि बहुधा तुमच्याही घरी, दादा म्हणजे वडिलांचे वडील. 'माझे दादा सत्तर वर्षांचे आहेत' हे वाक्य मी शाळेत निबंधात लिहिले, तेव्हा आमचे मराठीचे गुरुजी चष्मा काढून म्हणाले, "अरे, मग तुझे वय किती?" पुढे तेही मला 'तुझे दादा बरे आहेत ना?' असेच विचारू लागले. दुसरा शब्द 'सीख'. कबाब ज्या सळईवर चढवतात ती सीख. उर्दूत हा शब्द 'खे' या अक्षराने लिहितात. शिकवण या अर्थाचा 'सीख' हा शब्द निराळा. तो 'काफ' आणि 'दोचश्मी हे' यांनी लिहितात. देवनागरीत आले की दोघेही एकसारखे दिसतात.

आमचे गाव मालेगाव. मोसम नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले, यंत्रमागांचे गाव. आमच्या गल्लीत मागांचा खडखडाट रात्रीही थांबत नसे. दादांची हातगाडी संध्याकाळी चौकात लागायची आणि रात्रपाळीचे कारागीर चहाच्या सुट्टीत तिच्याभोवती जमायचे. त्या गाडीवरची शेगडी दादांनी लोहाराकडून करून घेतली होती. सुमारे तीन फूट लांब, वीतभर रुंद, वरून उघडी. जाड पत्र्याची पन्हळच म्हणा ना! तिला चार पाय होते आणि दोन्ही बाजूंना, तळापासून दोन बोटे वर, हवेसाठी भोके होती. तिच्यावर जाळी नव्हती. सळया दोन्ही काठांवर आडव्या टेकत आणि कबाब मधल्या मोकळ्या जागेत निखाऱ्यांवर भाजले जात.

जळण म्हणून दादा बाभळीचे लाकूड वापरत. आधी ते बाजूला पेटवायचे, ज्वाळा आणि धूर संपू द्यायचा, मग लालभडक निखारे शेगडीत पसरायचे. बाभळीचे लाकूड कठीण. त्याचा निखारा बराच वेळ टिकतो. पुढे लाकूड मिळेनासे झाले, तेव्हा ते वेड्या बाभळीचा कोळसा आणू लागले. काही लाकडे मात्र त्यांनी शेगडीजवळही येऊ दिली नाहीत. रंग दिलेल्या जुन्या खिडक्या, प्लायवुडचे तुकडे आणि कण्हेरीची फांदी. रंगाचा आणि प्लायवुडमधल्या गोंदाचा धूर कबाबात उतरतो. कण्हेर तर मुळापासून फुलापर्यंत विषारी. तिचा धूरही वाईट. बागेत कोणी कण्हेर छाटली आणि फुकटचे जळण देऊ केले, तरी ते घेऊ नका.

आता रात्रीच्या कामाकडे वळू. शेवटचे गिऱ्हाईक गेले की दादा लगेच सफाईला लागत नसत. एक कप चहा पिऊन होईपर्यंत थांबत. मला त्याचे नवल वाटे. घरी अम्मी म्हणायची की भांडी घासायची तर लगेच घासावीत. शेगडीचे तसे नसते. ती फार तापलेली असताना हात लावला तर भाजते, आणि पार थंड झाली की काठावरची चरबी गोठून दगडासारखी घट्ट होते. मधली वेळ साधावी लागते. दादा ती वेळ कशी ओळखत, सांगू? काठापासून वीतभर उंचीवर तळहात धरायचे आणि मनात दहापर्यंत मोजायचे. दहा होईपर्यंत हात सुखाने राहिला की काम सुरू.

त्याआधी सळयांचे काम उरकलेले असे. रिकाम्या सळया ते शेवटच्या निखाऱ्यांवर काही मिनिटे तशाच ठेवत. सळईला चिकटलेले मांसाचे कण जळून कोळसा होत आणि चिमट्याने ठोकताच गळून पडत. मग कोरडी राख आणि काथ्याची घासणी. सळई चपटी असते, हे तुम्ही पाहिले असेल. गोल सळईवर खिमा घसरतो आणि सळई फिरवली तरी कबाब फिरत नाही. पण चपट्या सळईच्या कडांवर मळ अडकतो. म्हणून दादा आधी दोन्ही कडा घासत, मग पाठपोट. शेवटी शेंगदाण्याच्या तेलाचा हलका हात. सळया मोजून कापडात बांधल्या की ती बाजू संपली.

मग शेगडीचे काठ. एक बोथट लोखंडी पट्टी घेऊन ते काठ खरवडत. पट्टी धारदार नको; लोखंडावर ओरखडे उठले की तिथेच आधी गंज चढतो. काठावर साचलेल्या चरबीचे आणि मसाल्याचे काळे किटण पापुद्र्यांनी निघे. मी विचारले होते, "दादा, उद्या पुन्हा काळेच होणार. रोज का काढता?" ते म्हणाले, "बेटा, उद्याच्या कबाबाला उद्याचाच धूर लागला पाहिजे." तेव्हा मला ते नीट कळले नाही. आता कळते. शिळी चरबी पुन्हा तापली की तिचा कडवट धूर होतो आणि तो ताज्या मांसात बसतो. गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही. तो पुढच्या वेळी दुसऱ्या गाडीकडे जातो, एवढेच. आमच्या घरची चूल त्या गिऱ्हाइकांवर चालत होती. माझ्या शाळेची फीसुद्धा!

काठांनंतर भोके. एका खिळ्याने एकेक भोक मोकळे करायचे. हे काम माझ्याकडे असे. दोन्ही बाजूंची मिळून चोवीस भोके होती. राखेने भोक बुजले तर खालून हवा येत नाही. हवा नाही तर निखारा मंद होतो आणि मग माणूस उगाच पंखा हलवून दमतो, वर राख उडून कबाबावर बसते ती वेगळीच.

एक गोष्ट दादा कधीच करत नसत. तापलेल्या शेगडीवर पाणी ओतत नसत. घाईत असलेले पुष्कळ लोक असे करतात. चर्र आवाज होतो, वाफेचा लोट उठतो आणि आपल्याला वाटते, झाले काम. पण त्या वाफेने हात पोळतो, गरम राख तोंडावर उडते आणि एकदम गार झालेला पत्रा वाकतो. पत्रा वाकला की सळया डगमगतात. शिवाय ओली राख चिखलासारखी कोपऱ्यात बसते आणि सुकता सुकत नाही.

राख काढण्याचीही पद्धत होती. उरलेसुरले निखारे आणि राख ते पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात भरत आणि डबा भिंतीपासून दूर, मोकळ्या फरशीवर ठेवत. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उघडायचा नाही. राख वरून गार दिसते, पण तिच्या पोटात निखारा कितीतरी तास जिवंत राहतो. ज्या गल्लीत घरोघरी सूत आहे, तिथे एक ठिणगी काय करील, हे सांगायला नको. सगळी राख मात्र ते काढत नसत. रोजच्या वापराच्या दिवसांत तळाशी बोटभर जाडीचा कोरडा थर राहू देत. निखाऱ्याची आच थेट पत्र्याला लागत नाही, म्हणून तळ जास्त टिकतो.

डब्यातली राख वाया जात नसे. शेजारच्या खाला भांडी घासायला ती घेऊन जात. राखेने तेलकट भांडे का निघते, याचे उत्तर मला पुढे विज्ञानाच्या तासाला मिळाले. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. ते पाण्यात विरघळले की पाणी बुळबुळीत होते. भांड्यावरच्या स्निग्ध पदार्थाशी त्याची क्रिया होऊन थोडासा साबणच तयार होतो आणि राखेचे कण घासण्याचे काम करतात. हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०७ साली हे मूलद्रव्य पहिल्यांदा वेगळे केले आणि राखेच्या 'पॉटॅश' या क्षारावरून त्याला पोटॅशियम हे नाव दिले. त्याची खूण मात्र रोमन लिपीतले 'के' हे अक्षर आहे. ते अक्षर 'कॅलियम' या नावातले, आणि ते नाव अरबी शब्दावरून आलेले. अरबीत 'अल-क़ली' म्हणजे खारट जमिनीतल्या वनस्पती जाळून केलेली राख. 'अल्कली' हा शब्दही तिथलाच. म्हणजे अरबीतली राख आज जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर लटकलेली आहे. ही गोष्ट मी दादांना सांगितली तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, "खालांना सांग, डबा परत आणून द्या म्हणावे."

पावसाळ्यात गाडी कमी दिवस लागे आणि मोठा पाऊस असला तर लागतच नसे. शेगडीला खरा धोका तेव्हाच. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज चढतो, हे तुम्ही शिकला आहात. शेगडीत त्याला आणखी दोन साथीदार मिळतात. एक राख, ती हवेतला ओलावा ओढून घेते आणि पत्र्याला चिकटून बसते. दुसरे मसाल्यातले मीठ. म्हणून पहिल्या पावसाआधी दादा बोटभर थरही काढून टाकत, शेगडी कोरडी घासत, थोडा जाळ करून पूर्ण सुकवत आणि कोमट असतानाच बाहेरून जवसाचे तेल लावत. त्यासाठी मागावरचे वाया गेलेले सूत वापरत; मालेगावात त्याला तोटा नाही. जवसाचे तेल हवेत सुकून पातळ सालीसारखे घट्ट होते आणि पत्र्याला ओलावा लागू देत नाही. मात्र ते तेलाचे सूत त्यांनी कधी कोपऱ्यात गोळा करून टाकले नाही. जवसाच्या तेलात भिजलेल्या सुताचा बोळा आपोआप तापत जातो आणि काडी न लावता पेटू शकतो. दादा ते सूत लगेच शेगडीतच जाळून टाकत.

नंतर शेगडी पडवीत दोन विटांवर उपडी ठेवायची. तिच्यावर प्लास्टिक गुंडाळायचे नाही. प्लास्टिकच्या आत घाम धरतो आणि महिन्याभरात आतला पत्रा तांबडा होतो. वारा लागू द्यायचा आणि पाणी लागू द्यायचे नाही, एवढेच.

दादांकडे आणखी एक लहान शेगडी होती. कोणी मागितली तर ते निखाऱ्यांसकट देत. मी चौथीत असताना जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. गल्लीच्या टोकाला एका खोलीत दोन कारागीर भाड्याने राहत होते. त्यांनी ऊब मिळावी म्हणून ती शेगडी नेली, दार-खिडकी लावली आणि फटीत चिंध्या कोंबल्या. सकाळी ते कामावर आले नाहीत. दार ढकलून उघडले, तेव्हा एक जण ओकत होता आणि दुसरा शुद्धीवर नव्हता. लोकांनी दोघांना उचलून उघड्यावर आणले आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेले. दोघेही वाचले. एकाचे डोके पुढे कित्येक दिवस दुखत राहिले.

बंद खोलीत निखारा जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून माणसाला वाटते की आता भीती नाही. नेमकी तीच वेळ धोक्याची. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. दादांना यातले विज्ञान माहीत नव्हते. पण त्या दिवसापासून कोणी शेगडी मागायला आले की ते म्हणत, "शेगडी घेऊन जा, विस्तव देणार नाही. पेटवायची असेल तर माझ्यासमोर अंगणात पेटवा." थोडे लोक रागावले. दादांनी ऐकले नाही. तुमच्याही घरी थंडीत कोणी विझत आलेली शेगडी झोपायच्या खोलीत आणली, तर तुम्ही लहान आहात म्हणून गप्प बसू नका.

१९९९ साली दादा गेले. चाचा मागावर कामाला लागले होते. गाडी विकली गेली. मोठी शेगडी गच्चीवर नेऊन ठेवली आणि तिथेच राहिली. सात पावसाळे तिने उघड्यावर काढले. २००६ मध्ये एका दुपारी भंगारवाला आला. अब्बा म्हणाले, "देऊन टाकू, नुसती जागा अडवते." तराजू आलासुद्धा. तेव्हा दादी जिन्यात येऊन म्हणाली, "ती भंगार नाही, मळकी आहे." अब्बांनी माझ्याकडे पाहिले. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो. मी म्हटले, "दादी, मला एक रविवार द्या."

एका रविवारात ते झाले नाही. तीन रविवार लागले. आधी शेगडी उलटी करून हातोडीच्या दांड्याने जागोजाग हळूच ठोकली. जिथे पत्रा जाड उरला होता, तिथे ठणठण वाजत होते. तळाशी मात्र भद्द आवाज येई. तिथे गंजाने पत्रा खाल्ला होता आणि एका ठिकाणी बोट आरपार गेले. काठ शाबूत होते. दादांनी रोज खरवडलेले काठ! सुटा गंज मी तारेच्या ब्रशने काढला, पण तो फक्त बाहेरून आणि तळावर. काठांना आणि सळयांना तारेचा ब्रश लावला नाही. त्याची एखादी बारीक तार तुटून चिकटून राहते, ती कबाबातून पोटात गेली तर घसा किंवा आतडे फाडते. तिथे पॉलिश पेपर आणि काथ्या, बस्स. चोवीस भोकांपैकी सहा पार बुजली होती. खिळा मी घरातूनच शोधला.

नवा तळ बसवायला लोहाराकडे गेलो. त्याच्याकडे जस्ताचा मुलामा दिलेला चकचकीत पत्रा होता. मला तो आवडला. गंजायची भीती नाही. लोहाराने तो बाजूला सारला. "हा पाण्याच्या टाकीला. विस्तवाला नाही," तो म्हणाला. त्याचे बरोबर होते. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि वारा घातलेला निखारा त्याहून पुष्कळ तापतो. जस्ताचा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप भरतो. त्याने साधा काळा जाड पत्रा कापला आणि चार रिबिटा ठोकून बसवला.

पहिला जाळ रिकाम्या शेगडीतच केला. लोहाराकडचे तेल, ब्रशची घाण, उरलासुरला गंज, सारे त्यात जळून जावे म्हणून. धूर थांबेपर्यंत दादी खुर्ची टाकून गच्चीवर बसली होती. शेगडी निवू लागली तशी तिने काठावर वीतभर वर तळहात धरला आणि ओठांतल्या ओठांत मोजू लागली. मी तिला ही पद्धत कधी सांगितली नव्हती.

आता दादी नाही. शेगडी बकरीदचे तीन दिवस आणि थंडीत एखाद्या रात्री गच्चीवर पेटते. खाणारे पंधरा-वीस असतात. नंतर भोके मोकळी करायला माझा धाकटा पुतण्या बसतो आणि दर वेळी तेवीसच मोजतो. चोविसावे कोपऱ्यात पायाच्या मागे आहे. नवा तळही आता पातळ झाला आहे. ठोकले की आवाज बदलल्याचे कळते. त्या लोहाराचा मुलगा आता भात्यावर बसतो. त्याने शेगडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "अजून एक पावसाळा निघेल." मी त्याला तळ आताच बदलायला सांगितला आहे. काळा पत्रा, चार रिबिटा. येत्या शुक्रवारी शेगडी आणायला जायचे आहे.